पहिले बाळ, दोन घरे

समजा, शेलूबाजारचे एक जोडपे आहे. लग्नाला दीड वर्ष झाले आहे. तो शेतमजुरी करतो आणि बाजाराच्या दिवशी एका दुकानाचा माल उतरवतो. तिचे माहेर मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. राहायला रमाई आवास योजनेतले दोन खोल्यांचे घर, मागच्या बाजूला टिनाची पडवी. घरात सासू आहे, एक धाकटा दीर आहे. आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला तेव्हा तिला सातवा महिना लागला. डॉक्टरांनी दिलेली तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे.

हे जोडपे एका विशिष्ट घरचे नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे जोडपे दरवर्षी असतेच, म्हणून त्यांना नाव दिलेले नाही. वाचक भगिनी-बंधूंनी ते आपल्याच घरातले समजावे.

बाळ येणार म्हटले की घराची तयारी सुरू होते. झबली शिवली जातात, पाळणा उसना आणला जातो, भिंतीला रंग लावायचे ठरते. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. म्हणजे तयारी एका घराची नसून दोन घरांची असते, आणि अडचण नेमकी इथेच येते. गरोदरपणाची नोंद शेलूबाजारला, बाळंतपण मूर्तिजापूरला, आणि सव्वा महिन्याने बाळ परत शेलूबाजारला. इकडची आशाताई म्हणते, बाई माहेरी गेली. तिकडची म्हणते, ती आमच्या यादीत नाही. बाळाच्या आयुष्यातले सगळ्यांत नाजूक दिवस या दोन याद्यांच्या मधल्या फटीत निघून जातात.

हे दिवस नाजूक का, हे आपल्या विदर्भातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून पुढची काही वर्षे ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यदूत बनवले. या आरोग्यदूत घरी जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, बाळ उबदार आहे का ते बघत, दूध नीट ओढते का ते बघत आणि जंतुसंसर्ग झाला तर उपचार करीत. पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. या सहा भेटी फुकट आहेत आणि कोणत्याही महागड्या पाळण्यापेक्षा मोलाच्या आहेत. फक्त ताईला पत्ता माहीत पाहिजे.

म्हणून पहिली तयारी भिंतीच्या रंगाची करू नये, कार्डाची करावी. माता-बाल संरक्षण कार्डावर शेलूबाजारच्या आशाताईचा फोन नंबर असतो. त्याच्याच बाजूला माहेरच्या आशाताईचा आणि तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा नंबर लिहून घ्यावा. हे काम नवऱ्याने करावे. सून माहेरी जायच्या आठवडाभर आधी सासरहून एक फोन जावा : ‘ताई, जय भीम. आमची मंडळी तुमच्या गावात येत आहे, आठवा महिना संपत आला आहे, रक्त इतके आहे, कार्ड सोबत आहे.’ एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात. बाळंतपण झाले की दुसरा फोन त्याच दिवशी करावा. पेढे वाटायला जसे कोणी विसरत नाही, तसे हेही विसरू नये.

कार्ड हातात घेतलेच आहे तर त्यावरचे आकडे नवऱ्यानेही वाचून घ्यावेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदर बाईला रक्त कमी आहे असे समजतात, आणि ७ च्या खाली असेल तर ते धोक्याचे आहे. अशा बाईचे बाळंतपण खेड्यातल्या उपकेंद्रात करू नये, रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी करावे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, एकीमुळे दुसरी अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, मळमळते, म्हणून अनेक जणी ती गुपचूप फेकून देतात. जेवणानंतर रात्री घेतली तर मळमळ कमी होते. धनुर्वाताची लस, म्हणजे टीडी, पहिल्या गरोदरपणात दोन वेळा, चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायची असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. निदान एकदा तरी दोघांनी मिळून जावे.

आणखी एक तपासणी आपल्या समाजाने विसरू नये, ती म्हणजे सिकलसेलची. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी १९५८ मध्येच लिहिले होते. विदर्भात हा दोष आदिवासींत आहे, काही इतर मागासवर्गीय जातींत आहे आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. हा रोग शिवल्याने होत नाही, खाण्यापिण्याने होत नाही, तो आईवडिलांकडून रक्तात येतो. पत्नीची तपासणी आधी करावी. ती वाहक निघाली तर पतीची तपासणी लगेच करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. चारात दोनदा बाळ फक्त वाहक होते, एकदा पूर्ण निर्दोष. वाहक माणूस आजारी नसतो, धडधाकट असतो, त्यामुळे त्याला काहीच कळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत हे समजले तर गर्भातल्या बाळाची तपासणी मोठ्या रुग्णालयात करता येते. आपल्या जोडप्याला सातवा महिना आहे, तरीही तपासणी वाया जात नाही. दोघेही वाहक असतील तर जन्मल्यावर बाळाचे रक्त लवकर तपासून घेता येते आणि ताप-न्यूमोनियाने बाळ हातचे जाण्याआधीच उपचार सुरू होतात. आपण लग्नात पत्रिका बघत नाही हे चांगलेच आहे. रक्ताचा हा कागद मात्र बघत जावा, आणि लग्नाआधी बघितला तर उत्तम.

आता गाडीचा प्रश्न. आपल्या जोडप्याला मिळालेली तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, पण ती अंदाजाची असते. बाळ तीन आठवडे आधी येऊ शकते किंवा दोन आठवडे उशिरा. आणि हेच दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे! वस्तीतल्या सगळ्या गाड्या दीक्षाभूमीला निघालेल्या, ड्रायव्हर नागपुरात, तरुण मुले नागपुरात, घरी म्हाताऱ्या माणसांचाच तेवढा राबता. अशा रात्री कळा सुरू झाल्या तर? शिवाय तेव्हा सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असते, मजुराला एक दिवसही सुटत नाही. म्हणून दोन गाडीवाले आधी ठरवून ठेवावेत, आणि त्यांतला एक त्या दिवसांत गावातच राहणारा असावा. गरोदर मातेला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ या गाड्या मोफत आहेत. हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत, सासूबाईंच्या साध्या फोनमध्येसुद्धा. कोणत्या दवाखान्यात जायचे आणि तिथे नाही जमले तर पुढे कुठे, हेही आधी ठरवावे. शेलूबाजारच्या माणसाला मंगरूळपीरचे ग्रामीण रुग्णालय, वाशिमचे जिल्हा रुग्णालय ओळखीचे असते. मूर्तिजापूरकडून गुंतागुंतीची केस बहुधा अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात जाते. नवऱ्याने तो रस्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. रात्री दोन वाजता ‘दार कोणते’ म्हणून विचारत फिरण्याची वेळ येऊ नये. तिच्याशी जुळणाऱ्या रक्तगटाचे दोन जण कोण, हेही माहीत असावे.

पैशाचेही बोलू. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी हे सारे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत मोफत आहेत. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या अनुसूचित जातीच्या मातेला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आहेत. नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३०००, जन्मनोंद आणि बाळाच्या पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर २०००. पैसे अडतात ते बहुधा नावापायी. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, कार्डावर तिसरेच. सातव्या महिन्यातच ही तीन नावे सारखी करून घ्यावीत आणि खाते आधारशी जोडून घ्यावे.

हे ५००० रुपये म्हणजे कोणी दिलेली भेट नाही. बुडालेल्या मजुरीची ती अंशतः भरपाई आहे, योजनेचा हेतूच तसा लिहिलेला आहे. बाबासाहेबांनी हा मुद्दा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे सगळ्या देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. हे बोलणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला होता. रमाई आणि बाबासाहेबांची पाच अपत्ये, त्यांतली चार लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, म्हणजे त्या भाषणाच्या दोनच वर्षे आधी. आज नोकरदार बाईला सहा महिने भरपगारी रजा आहे आणि आपल्या शेतमजूर भगिनीला एका दिवसाचीही नाही. म्हणून त्या ५००० रुपयांतून घरासाठी पंखा किंवा दिरासाठी मोबाईल घेण्याआधी विचार करावा. तो पैसा तिने नवव्या महिन्यात सोंगायला जाऊ नये यासाठी आहे.

आता माहेरच्या घराकडे वळू. तिथे एक खोली हवी, किंवा खोलीचा एक कोपरा. कोरडी जागा, उजेड येईल अशी खिडकी आणि धूर अजिबात नको. जुन्या रीतीप्रमाणे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, दार-खिडक्या बंद करतात आणि वावडिंग, ओवा, बाळंतशेपाची धुरी देतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच गुंगवतो, आणि मोठ्यापेक्षा बाळाला लवकर. धुराने बाळाच्या छातीत कफ होतो. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून आईच्या कमरेला द्यावी. बाळाला शेकू नये. वंदनेची अगरबत्ती आणि मेणबत्तीही त्या खोलीत लावू नये, बाहेरच्या खोलीत लावावी. प्रतिमेपुढे फूल ठेवले तरी वंदना होते.

‘आमी नाई केले का पाच-पाच बाळंतपणं? शेगडीवरच झाले सारे!’ असे आजी म्हणणारच. आजीशी भांडू नये. तिच्या पाच बाळंतपणांतली किती लेकरे जगली, हे तिलाच हळूच विचारावे. पुष्कळदा आजी स्वतःच गप्प होते, आणि मग ऐकते.

बाळाला ऊब हवी हे आजीचे म्हणणे मात्र शंभर टक्के खरे आहे. नवजात बाळ स्वतःला गरम ठेवू शकत नाही, ते आईच्या अंगानेच गरम राहते. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सरकारी रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळे जगली, वाढली, आणि आता ही कांगारू पद्धत जगभर वापरतात. गरिबीतून सापडलेला हा उपाय पुढे श्रीमंत देशांनीही घेतला. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालून छातीवर उभे ठेवायचे आणि वरून लुगडे गुंडाळायचे. आई थकली तर बापानेही ठेवावे. त्याच्या छातीलाही तेवढीच ऊब असते. बापाला असे बसलेले पाहून शेजारपाजार हसेल, त्याने हसू द्यावे.

पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर घालावी. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर डॉक्टर किंवा आशाताई सांगेपर्यंत नुसते ओल्या फडक्याने पुसावे. नाळेला काहीही लावू नये. हळद, तेल, राख, पावडर, काही नाही. ती कोरडी ठेवावी, आपोआप गळते. पूर्वी पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची भीती असे. नवजात बाळाचा धनुर्वातही जन्मानंतर साधारण त्याच दिवसांत येतो, आणि तो येत असे घाणेरड्या विळ्याने कापलेल्या, शेण-माती लावलेल्या नाळेतून. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्यामुळे भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पाचवी पुजणे आपण सोडले आहेच. त्याच गाठोड्यातल्या बाकीच्या गोष्टीही सोडाव्यात. डोळ्यांत काजळ नको, नाकाकानात तेल नको.

दूध पहिल्या तासात पाजावे, सिझेरियन असले तरी. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक पिळून टाकतात, ते करू नये. ती बाळाची पहिली लसच आहे. मध, गूळपाणी, गुटी, साधे पाणी यांतले काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला लुळे पाडणारा विषाणू-जंतू नव्हे, तर जंतूचे बीज जाऊ शकते आणि ते आतड्यात वाढून विष तयार करते. वाशिम-अकोल्याच्या उन्हातसुद्धा आईच्या दुधात बाळाला पुरेल एवढे पाणी असते. त्यासाठी पाणी आईने प्यावे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, डाळ-अंडी द्यायची नाहीत, नुसता तूप-भात द्यायचा, हे उलटे आहे. तिला जास्त खायला पाहिजे. वरण, भाकर, पालेभाजी, अंडी, मासळी, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, घरात जे असेल ते पोटभर. बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा प्याले आणि पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा लघवी केली, तर दूध पुरते आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत भरून येते. तेवढ्यासाठी डबा सुरू करू नये.

आणि ही लक्षणे माहेरच्या घरात मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावीत. बाळ दूध ओढेनासे झाले. झटके आले. श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते. अंग तापले किंवा हातपाय-पोट गार पडले. हलवल्याशिवाय बाळ हालचाल करत नाही. तळहात-तळपाय पिवळे झाले. बेंबीतून पू आला किंवा भोवती लाली पसरली. यांतले एकही दिसले तर त्याच घटकेला दवाखान्यात जावे, सकाळची वाट बघू नये, आणि जाताना बाळ छातीशी धरून न्यावे. आईला खूप रक्तस्राव, घाण वासाचे जाणे, ताप, डोके फुटण्यासारखे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके आले तरी तेच. तिला सारखे रडू येत असेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल आणि दोन आठवड्यांत ते ओसरत नसेल, तर ती नखरे करते असे म्हणू नये. तोही आजार आहे आणि बरा होतो. १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येते.

आता शेलूबाजारचे घर. ती माहेरी असते तेव्हा नवऱ्याला इथे दोन-अडीच महिने मिळतात, आणि बहुतेक नवरे ते नुसती वाट पाहण्यात घालवतात. रंग द्यायचा तर बाळ यायच्या महिनाभर आधी देऊन खोली उघडी ठेवावी, ताज्या रंगाचा वास बाळाला चांगला नाही. टिनाची पडवी हिवाळ्यात रात्री गार पडते आणि पहाटे तिला आतून पाणी सुटते. बाज त्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत घालावी. चूल आत असेल तर ती पडवीत न्यावी आणि त्या दोन महिन्यांसाठी एक भरलेले सिलिंडर राखून ठेवावे. फवारणीच्या औषधांचे डबे बहुतेक घरांत बाजेखाली किंवा माळ्यावर असतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. ते डबे घरातून बाहेर काढून कुलपात ठेवावेत. फवारून आल्यावर आंघोळ करावी, ते कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, आणि मगच बाळाला हात लावावा. खर्रा घोटलेल्या हातानेही बाळाला घेऊ नये. खर्रा सोडायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही, आणि रोजचे वाचलेले पैसे गाडीभाड्याच्या डब्यात टाकता येतील.

कपडे नवे हवेत असे मुळीच नाही. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी सगळ्यांत मऊ. पण पेटीतून काढलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास असेल तर ते तसेच वापरू नयेत. काही बाळांच्या रक्तात एक जन्मजात कमतरता असते. डांबरगोळीच्या वाफेने अशा बाळाच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतेल एवढी वाढते. कपडे गरम पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घालावेत. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना, आणि १९४९ पासून सर्वच मातांना, सरकार बाळाच्या कपड्यांची पेटी देते. ती रिकामी झाली की तिचाच बिछाना होतो. आपल्या राज्यानेही पहिल्या बाळासाठी अंगणवाडीमार्फत ‘बेबी केअर किट’ची योजना २०१९ मध्ये सुरू केली. त्यात कपडे, मच्छरदाणी, छोटी गादी, तापमापक असे सामान ठरलेले होते. अंगणवाडीताईंना विचारायला काय हरकत आहे? बाकी खरेदीत मच्छरदाणी तेवढी न चुकता घ्यावी. उशी नको, बाळाला पाठीवर निजवावे, तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये.

जन्माचा दाखला जिथे बाळ जन्मले तिथेच निघतो, शेलूबाजारला नाही. एकवीस दिवसांत नोंद मोफत होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून नोकरीपर्यंत हाच कागद लागणार आहे. म्हणून नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे यांतले प्रत्येक अक्षर तिथेच तपासून घ्यावे. नामकरण नंतर झाले तरी नाव पुढे भरता येते.

आता दिवसांचा हिशेब करू. समजा बाळ १४ ऑक्टोबरला झाले. सव्वा महिन्याने, म्हणजे २० नोव्हेंबरच्या सुमारास, मायलेकरू कारंजामार्गे शेलूबाजारला येतील. आशाताईची सहावी भेट बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे २४-२५ नोव्हेंबरला. बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमारास. मातृवंदनेचा दुसरा हप्ता त्या लसींवर अवलंबून. हे सगळे नेमके घर बदलण्याच्या आठवड्यात येते, आणि म्हणून नेमके तेच चुकते. माहेरची ताई म्हणते, आता तिकडे घ्या. सासरी म्हणतात, आत्ताच तर आले, थंडी आहे, पुढच्या महिन्यात बघू. मग ६ डिसेंबर येतो, बाप चैत्यभूमीला जातो, आणि दीड महिन्याची लस तीन महिन्यांची होते.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी शेलूबाजारच्या आशाताईला फोन करून पुढचे लसीकरण सत्र कोणत्या दिवशी आहे ते विचारावे आणि ती तारीख कार्डावर पेन्सिलीने लिहावी. गाडी दुपारची ठरवावी, पहाटेची नको. टोपडे, मोजे, दोन दुपटी, बाळ आईच्या छातीशी, काचा वर. कार्ड पिशवीच्या तळाशी घालू नये, वर हाताशी ठेवावे.